कुलवृत्तांत

कुलवृत्तांत : एखाद्या कुळाचा मूळ पुरुष, त्याच्या शाखा, त्यांची स्थलांतरे, व्यवसाय, वतने व विवाहसंबंध यांचा पिढीवार आणि पुराव्यांनिशी दिलेला वृत्तांत. नुसत्या नावांच्या क्रमवार मांडणीस वंशावळ म्हणतात. वंशावळीतील व्यक्ती कोठे राहिल्या, कोणत्या कारणाने हलल्या आणि कोणता उद्योग करीत होत्या हे सांगितले म्हणजे तिचा कुलवृत्तांत होतो. सामाजिक इतिहास, लोकसंख्याशास्त्र, नामविद्या, कायदा आणि वैद्यक या विषयांना कुलवृत्तांताचा उपयोग होतो. तथापि वंशावळीचा कागद बहुधा एखादा हक्क शाबीत करण्यासाठी अगर अमान्य करण्यासाठी निर्माण झालेला असतो. तो कोणी, कोणासमोर आणि कशासाठी लिहिला, हे पाहिल्यावाचून त्याची विश्वसनीयता ठरविता येत नाही.

प्राचीन परंपरा : ‘वंश’ आणि ‘वंशानुचरित’ ही पुराणांच्या पाच लक्षणांपैकी दोन लक्षणे होत. प्राचीन व मध्ययुगीन ताम्रपटांत दान देणाऱ्या राजाची वंशावळ आणि दान घेणाऱ्याचे गोत्र व पूर्वज यांचा उल्लेख सामान्यतः असतो. देवगिरीच्या यादवांची वंशावळ हेमाद्रीने चतुर्वर्गचिंतामणीच्या व्रतखंडातील राजप्रशस्तीत दिली आहे. राजवंशांना सूर्यवंशाशी अगर चंद्रवंशाशी जोडण्याची प्रथा सर्वत्र आढळते. १६७४ मध्ये झालेल्या शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी भोसले कुळाचा संबंध मेवाडच्या सिसोदिया कुळाशी असल्याचे प्रतिपादन करण्यात आले. या संबंधाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. राज्यारोहणाच्या प्रसंगी वंशावळीस केवढे राजकीय महत्त्व येते, याचे हे ठळक उदाहरण होय.

श्राद्धविधीमुळे सामान्य कुटुंबांतही तीन पिढ्यांची नावे पाठ राहत. पिता, पितामह व प्रपितामह यांच्याबरोबरच माता, पितामही व प्रपितामही, तसेच आईकडील मातामहादी पुरुष यांचाही त्यात उच्चार होतो. पुढील काळातील वतनी वंशावळींत स्त्रियांची नावे क्वचितच येतात. या दृष्टीने श्राद्धातील नावांची परंपरा अधिक व्यापक म्हटली पाहिजे.

वतनी कागदपत्रे : महाराष्ट्रातील वंशावळींचा मोठा भाग वतनसंस्थेतून निर्माण झाला (→ वतनसंस्था). देशमुखी, देशपांडेपण, पाटिलकी, कुलकर्ण इ. वतने वंशपरंपरेने चालत व त्यांच्या तक्षिमा म्हणजे हिस्से पडत. थोरली तक्षीम कोणाची, मानपान प्रथम कोणाचा, दत्तकास हिस्सा आहे की नाही, या प्रश्नांवरून भाऊबंदांत तंटे होत. तंटा गोतसभेपुढे अगर सरकारात गेला म्हणजे वादी व प्रतिवादी आपापली तकरीर लिहून देत. तीत मूळ पुरुषापासूनचा वंशविस्तार सांगितलेला असे. साक्षीपुरावा झाल्यावर महजर अगर निवाडपत्र होई. घराण्याची हकीकत क्रमवार सांगणाऱ्या लेखास करीना व आपल्या बाजूच्या निवेदनास कैफियत अशी नावे होती.

या वाङ्मयाचा उत्तम नमुना मावळात सापडतो. पुण्याच्या पश्चिमेकडील व नैर्ऋत्येकडील डोंगरी खोऱ्यांत देशमुखांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. मोसे खोऱ्यातील पासलकर, हिरडस मावळातील बांदल आणि रोहिड खोऱ्यातील कारी येथील जेधे ही त्यांपैकी प्रसिद्ध होत. जेधे घराण्याच्या करिन्यात वतनासाठी झालेले तंटे आणि १६५९ मध्ये अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी कान्होजी जेधे यांनी वतनावर पाणी सोडून शिवाजी महाराजांचा पक्ष धरल्याची हकीकत आली आहे. त्याच घराण्यातील जेधे शकावली १६१८ ते १६९७ या काळातील घटना तिथीवार देते. ती लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली व शिवकालाच्या कालनिर्णयास तिचा फार उपयोग झाला. एका घराण्याने स्वतःसाठी जपलेला कागद अशा रीतीने साऱ्या देशाच्या इतिहासाचे साधन ठरला.

वतनदाराप्रमाणेच मिरासदार कुणब्याचाही माग काही अंशी लागतो. देशावरील गावांत जमिनीची विभागणी थळांत झालेली असे. थळ बहुधा मूळ वसाहत करणाऱ्या कुळाच्या नावाने ओळखले जाई व त्यांची नोंद थळझाड्यात राही. कुळ निर्वंश झाले अगर परागंदा झाले म्हणजे त्याची जमीन ‘गतकूळ’ ठरे, तथापि थळाचे नाव पुष्कळदा तसेच राही. त्यामुळे नाहीशा झालेल्या कुळांची नावेही थळझाड्यातून कळतात. याउलट उपरी शेतकरी, बलुत्यात हिस्सा नसलेले कारागीर, मजूर व भटके समाज यांची नोंद होण्याचे प्रयोजनच नव्हते. त्यांच्या इतिहासाचा शोध येथेच कठीण होतो.

ब्रिटिश अमदानीतील नोंदी : पेशवाईच्या अखेरीनंतर इनामे व वतने यांची चौकशी सुरू झाली. १८५२ च्या अधिनियमान्वये इनाम कमिशनला व्यापक अधिकार मिळाले. इनामदारांना आपला हक्क सिद्ध करण्यासाठी सनदा व वंशावळी सादर कराव्या लागल्या. अनेकांची इनामे खालसा झाली, पण या चौकशीमुळे कागदपत्रांचा प्रचंड संग्रह पुण्यास एकत्र आला. तो पेशवे दप्तर या नावाने ओळखला जातो व १८९१ पासून स्वतंत्र इमारतीत आहे. या संग्रहातील निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत संपादित केले. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाल्यावर घराण्यांची दप्तरे मिळविण्याच्या कार्यास संस्थेचे अधिष्ठान लाभले.

सामान्य शेतकऱ्याच्या दृष्टीने जमीनमोजणी व हक्कनोंदणी या घटना अधिक महत्त्वाच्या ठरल्या. विंगेट व गोल्डस्मिड यांच्या पद्धतीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शेतवार मोजणी झाली आणि प्रत्येक सर्व्हे नंबराच्या खातेदाराचे नाव कागदावर आले. पुढे विसाव्या शतकाच्या प्रारंभी हक्कनोंदणीचा कायदा झाला. खरेदी, गहाण, वाटणी व वारस यांमुळे होणारे बदल फेरफार नोंदवहीत लिहिले जाऊ लागले. पाटील व तलाठी यांच्याकडील जन्ममृत्यूची नोंद (गाव नमुना १४) व शाळेतील दाखल-खारीज नोंदवही ही याच काळातील इतर साधने होत. गावपातळीवरील जुन्या नोंदी बव्हंशी मोडी लिपीत आहेत.

कुलवृत्तांत ग्रंथ : विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून महाराष्ट्रात एकेका आडनावाचे कुलवृत्तांत ग्रंथरूपाने निघू लागले. यांत चित्पावन घराण्यांचे ग्रंथ संख्येने अधिक असून पुढे इतर समाजांनीही ही प्रथा उचलली. गोत्र, कुलदैवत व मूळ गाव यांवरून एकाच आडनावाची निरनिराळी घराणी वेगळी काढणे, गावोगावच्या कुटुंबांकडे छापील प्रश्नावली पाठवून माहिती मागविणे आणि प्रत्येक व्यक्तीस शाखेचा व पिढीचा क्रमांक देणे, ही त्यांची सर्वसाधारण पद्धती होय. सुनांची माहेरची व लेकींची सासरची नावे देण्याचा प्रघातही या ग्रंथांनी पाडला. पुष्कळ ग्रंथांत कर्त्या पुरुषांची चरित्रे विस्ताराने येतात, तर गरीब राहिलेल्या वा दुरावलेल्या शाखा एका ओळीत संपतात.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या व हेळवी : वतनाशी संबंध नसलेल्या कुटुंबांसाठी दोन पारंपरिक साधने विशेष उपयोगी आहेत. नासिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, काशी, गया इ. क्षेत्रांतील तीर्थोपाध्याय आपल्या यजमानांच्या नामावळ्या वह्यांत लिहून ठेवतात. यात्रेकरू आपले गाव, जात अगर गोत्र, बरोबरची माणसे व पूर्वजांची नावे सांगतो आणि बहुधा त्याखाली सही करतो. यात्रेकरूने स्वतः दिलेली माहिती म्हणून तिचे मोल मोठे आहे. हरद्वार येथील अशाच वह्यांची सूक्ष्मपटे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार करण्यात आली. दुसरे साधन हेळव्यांचे. कर्नाटकात व दक्षिण महाराष्ट्रात हेळवी ठराविक काळाने आपल्या आश्रयदात्या घरी येऊन त्या कुळाची पिढीजात हकीकत सांगतात, नव्याने जन्मलेल्यांची नावे आपल्या वहीत नोंदवितात आणि धान्य वा बिदागी घेतात. मौखिक व लेखी परंपरेचा असा संगम अन्यत्र क्वचित आढळतो.

शोधाची पद्धती : कुळाचा शोध वर्तमानाकडून भूतकाळाकडे, एकेक पिढी सिद्ध करीत न्यावा लागतो. प्रसिद्ध पुरुषापासून आरंभ करून आपल्यापर्यंत खाली येण्याचा मार्ग बहुधा फसवा ठरतो. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात पिरंगुटच्या परिसरात असलेल्या उरवडे या गावाचे उदाहरण घेतल्यास हा क्रम स्पष्ट होईल. येथील एखाद्या शेतकरी कुळाचा शोध प्रथम घरातील वृद्धांच्या सांगण्यावरून व सातबाराच्या उताऱ्यावरून सुरू होतो. उताऱ्यावरील फेरफार क्रमांकांच्या आधारे मागे जात वारसनोंदी पाहिल्या असता आजा-पणजापर्यंत पोहोचता येते. पुढे जन्ममृत्यूची नोंद, मोजणीच्या वेळचे कागद आणि शेवटी पेशवे दप्तरातील गावाचे हिशेब व थळझाडे, असा मार्ग असतो. कुलदैवताचे स्थान, देवक, सोयरिकीची गावे व शिवारातील जमिनींची जुनी नावे यांनी हा माग ताडून पाहता येतो.

आडनाव हा या शोधातील मोठा आधार आहे, पण तो जपून घ्यावा लागतो. ‘कर’ प्रत्ययाचे आडनाव मनुष्य कोठे राहतो हे न सांगता त्याने कोणते गाव सोडले हे सांगते. उरवडे सोडून दुसरीकडे गेलेल्यास तेथील लोक उरवडेकर म्हणतील, प्रत्यक्ष उरवड्यात तसे म्हणण्याचे प्रयोजन नसते. देशमुख, कुलकर्णी, पाटील, फडणीस, चिटणीस ही हुद्द्यांवरून आलेली आडनावे अनेक जातींत व परस्परांशी संबंध नसलेल्या कुळांत आढळतात. केवळ आडनावाच्या साम्यावरून एक वंश मानणे ही सर्वांत अधिक आढळणारी चूक होय. नातवास आजोबांचे नाव ठेवण्याच्या प्रथेमुळे एकच नाव एक पिढी सोडून पुनःपुन्हा येते व दोन व्यक्ती एक समजल्या जाऊन मधल्या पिढ्या गळतात. साधारणपणे एका शतकात तीन ते चार पिढ्या होतात. या प्रमाणाशी वंशावळ जुळत नसल्यास तिची फेरतपासणी आवश्यक ठरते.

दुष्काळ, साथी व विस्थापन यांनी हा माग तुटतो. १६३०–३१ व १८७६–७८ या दुष्काळांत आणि १८९६ नंतरच्या प्लेगमध्ये अनेक कुटुंबे उठून गेली. मुळशी तालुक्यात टाटा कंपनीच्या जलविद्युत् योजनेच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. तरीही धरण झाले व नदीखोऱ्यातील अनेक गावे पाण्याखाली गेली. अशा गावांची घरे, देवळे व शिवारे यांची साक्ष नष्ट झाल्याने विस्थापित कुळांच्या बाबतीत महसुली कागद हेच मुख्य साधन उरते.

स्थलांतरित कुळे : देशांतर केलेल्या कुळांच्या शोधात मूळ स्थान व नवे स्थान या दोन्हींकडील कागद जुळवावे लागतात. यूरोपात या प्रकारचे पद्धतशीर संशोधन ह्यूगनॉट कुळांविषयी झाले आहे. ह्यूगनॉट म्हणजे फ्रान्समधील प्रॉटेस्टंट. चौदाव्या लुईने १६८५ मध्ये नँटचा आदेश रद्द करून त्यांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतल्यावर ते मोठ्या संख्येने इंग्लंड, नेदर्लंड्स व जर्मनी या देशांत गेले. १६८८ च्या सुमारास काही कुटुंबे डचांच्या ताब्यातील केप वसाहतीत पोहोचली. तेथे त्यांची फ्रेंच भाषा दोन-तीन पिढ्यांत लोपली व नावांची रूपे डच वळणाची झाली. व्हीयाँचे फिल्यून, क्रोन्येचे क्रोनिए व ल क्लेर्कचे द क्लेर्क झाले. ख्रिस्तॉफेल द व्हिल्यर्स या अशाच कुळातील संशोधकाने तयार केलेली केपमधील जुन्या घराण्यांची वंशावळ १८९३–९४ मध्ये प्रसिद्ध झाली. लंडन येथे १८८५ मध्ये स्थापन झालेल्या ह्यूगनॉट सोसायटीने निर्वासितांच्या चर्चमधील बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदवह्या छापल्या. भारतात स्थायिक झालेल्या यूरोपीय कुळांनाही चर्चच्या नोंदींचाच आधार आहे. मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या १७०९ पासूनच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठविल्या जात व त्या ब्रिटिश ग्रंथालयात आहेत.

हिंदी महासागरातील मॅस्करीन बेटांशीही ह्यूगनॉटांचा संबंध आला. फ्रांस्वा लगा हा ह्यूगनॉट निर्वासित काही साथीदारांसह १६९१ मध्ये रॉड्रिग्ज या निर्जन बेटावर उतरला व दोन वर्षे राहून मॉरिशसला गेला. त्याची वसाहत टिकली नाही. पुढे दीडशे वर्षांच्या आत याच मॉरिशसमध्ये मराठी माणसांची वस्ती झाली आणि ती टिकली. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी संपुष्टात येत असता उसाच्या मळ्यांसाठी १८३४ पासून हिंदी मजूर करारावर नेण्यात येऊ लागले. १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख लोक तेथे गेले. त्यांपैकी बहुसंख्य कलकत्ता व मद्रास या बंदरांतून गेले. मुंबईहून गेलेल्यांत कोकण व घाटमाथ्याकडील मराठी भाषिक होते. पोर्ट लुई येथे ज्या धक्क्यावर ते उतरत, तो आता आप्रवासी घाट या नावाने ओळखला जातो. २००६ मध्ये यूनेस्कोने त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

या मजुरांना प्रत्येकी एक क्रमांक देण्यात येई. नोंदवहीत नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरील खुणा, मूळ प्रदेश, जहाज व मळा यांची नोंद होई. १८६० नंतरच्या दशकापासून छायाचित्रेही घेतली जाऊ लागली. मजूर पळून जाऊ नये व कराराचा भंग करू नये, हा त्यामागील हेतू होता. म्हणजे ही नोंद त्यांच्या हक्कासाठी नव्हती, त्यांच्यावरील ताब्यासाठी होती. असे असूनही, ज्या भूमिहीन कुणब्याचे वा मजुराचे नाव स्वतःच्या गावच्या कागदांत आले नाही, त्याचे नाव, बापाचे नाव व चेहरा मॉरिशसमध्ये जतन झाला आहे. मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये हे दप्तर असून २०१५ मध्ये यूनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदपटात त्याचा समावेश झाला. वंशजांना आपला पूर्वज शोधण्यास येथे साहाय्य मिळते.

हा शोध मूळ गावापर्यंत नेण्यात मुख्य अडचण नावांची आहे. फ्रेंच वा इंग्रजी वळणाच्या कारकुनाने ऐकून लिहिलेली नावे मूळ उच्चारापासून दूर गेली. बहुतेक मजुरांनी आडनाव सांगितले नाही अगर त्यांना ते विचारले गेले नाही. परिणामी आद्य मजुराचे स्वतःचे नावच पुढील पिढ्यांचे आडनाव झाले. रामजी, भिवाजी यांसारखी ‘जी’कारान्त नावे तेथे कुलनाम म्हणून रूढ आहेत. गावाचे नाव सदोष असल्यास जहाज, सहप्रवासी, जात व घरात चालत आलेले कुलाचार यांवरून तालुक्याचा अंदाज बांधावा लागतो.

स्थलांतरित मराठी कुळांची आणखी दोन उदाहरणे उल्लेखनीय आहेत. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीने १८०३ मध्ये भोसलेवंशाचे चरित्र मराठीत कोरविले. परमुलखातील राजघराण्याने आपले मूळ मराठी भाषेत व पाषाणात जपण्याचा हा असाधारण प्रयत्न होय. कोकणातील बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगाव येथे जहाज फुटून किनाऱ्यास लागले. रोहेकर, पेणकर, केहिमकर अशी गावांवरून पडलेली आडनावे त्यांनी १९४८ नंतर इझ्राएलला नेली. त्यामुळे तेथे जन्मलेल्या पिढीसही कोकणातील आपले गाव सांगता येते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिकीय अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतील ज्यू व स्थानिक भारतीय अशा दोन्ही वंशधारा आढळल्या. अशा परीक्षणाने समूहाचे मूळ उलगडते, परंतु पूर्वजांची नावे अगर गाव कळत नाही.

मर्यादा : कुलवृत्तांत बहुतांशी पुरुषपरंपरेचे असतात. विवाहानंतर स्त्रीचे आडनाव व पुष्कळदा नावही बदलत असल्याने मातृकुळांचा माग चटकन तुटतो. दत्तकामुळे वंशावळ अखंड दिसते, रक्तसंबंध मात्र अखंड नसतो. वतनाच्या तंट्यात बनावट महजर व पदरचे पूर्वज दाखल केल्याची उदाहरणे आहेत. एकाच तंट्यातील दोन्ही पक्षांचे कागद मिळाल्यास सत्य काढणे त्यामानाने सुकर होते. एकाच पक्षाचे दप्तर टिकले असल्यास त्यातील दाव्यांना स्वतंत्र पुरावा शोधावा लागतो.

सांप्रतचे महत्त्व : कुलकर्णी व परगणा वतने १९५० च्या आणि मुलकी पाटिलकी १९६२ च्या अधिनियमान्वये नष्ट झाली. तथापि वंशावळीचे कायदेशीर महत्त्व संपले नाही. वारसा, पुनर्वसन व जातप्रमाणपत्र यांसाठी ती लागते. महाराष्ट्रात जातीच्या दाव्यासाठी अनुसूचित जातींना १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना १९६१ आणि इतर मागासवर्गांना १९६७ या वर्षांतील ठरलेल्या दिनांकांपूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. ज्या समाजांना जमीन व शाळा उशिरा मिळाली, त्यांच्याकडे असा कागद सहसा नसतो. २०२३ मध्ये मराठा समाजातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी गाव नमुना १४, पाहणीपत्रके, शाळांच्या नोंदवह्या इ. कागद मोठ्या प्रमाणावर तपासले गेले व मोडी वाचकांची उणीव जाणवली. पूर्वी वतनदारास आपल्या मानपानासाठी जी वंशावळ लागे, ती अशा रीतीने सामान्य नागरिकास शिक्षण व नोकरी यांसाठी लागू लागली आहे. मोडी लिपीचे शिक्षण, गावदप्तरांचे जतन व वृद्धांच्या आठवणींची नोंद या गोष्टी म्हणूनच केवळ इतिहाससंशोधकांच्या आस्थेच्या राहिलेल्या नाहीत. वतन नसलेल्या कुळांचा वृत्तांत लिहिला जाणे प्रामुख्याने त्यांवरच अवलंबून आहे.